आंधीनंतरची घरातील हवा

वैशाख सरता सरता निमाडच्या मुलखात दुपारनंतर आकाशाचा रंग एकाएकी पालटतो. वारा क्षणभर पडतो, क्षितिजावर पिवळसर भिंत उभी राहते आणि पाहता पाहता धुळीचा लोट वस्तीवर चालून येतो. सातपुड्याच्या पायथ्याशी वसलेल्या नेपानगरासारख्या गावाला ही आंधी काही नवखी नाही. दारे-खिडक्या लावण्याची धांदल उडते, अर्ध्या घटकेत सारे शांत होते आणि संकट टळले असे मानून घरोघरी केरसुणी हाती घेतली जाते. नेमकी येथेच चूक होते. वादळाने घरात आणलेली धूळ तोवर खाली बसू लागलेली असते. केरसुणी तिला पुन्हा हवेत उठवते.

आंधी येते कशी? तापलेल्या भूमीवर मेघगर्जनेचे ढग जमले की त्यांतून थंड हवा वेगाने खाली कोसळते, जमिनीवर चहूकडे पसरते आणि कोरडी माती उचलून नेते. धूळ दूरवरूनही येते. जानेवारी २०२२ मध्ये पाकिस्तानच्या बाजूने अरबी समुद्र ओलांडून आलेल्या धुळीने मुंबईचे आकाश धुरकट केले होते. १३ मे २०२४ च्या धुळीच्या वादळाने तर घाटकोपरला प्रचंड जाहिरातफलक कोसळून प्राणहानी झाली. पहिल्या प्रसंगी समुद्र आडवा असूनही धूळ आली. मग खिडकीची फट तिला काय अडवणार?

धुळीचे सारे कण सारखे नसतात. डोळ्यांना दिसणारी रेती लगेच खाली पडते. दहा मायक्रॉनचा, म्हणजे केसाच्या जाडीहून कितीतरी बारीक असलेला कण स्थिर हवेत काही मिनिटांत फरशीवर येतो. अडीच मायक्रॉनच्या कणाला तासाभराहून अधिक वेळ लागतो आणि त्याहून बारीक कण कित्येक तास तरंगत राहतात. हेच बारीक कण फुप्फुसांत खोलवर जातात. दम्याचा रुग्ण, तान्हे मूल व वृद्ध यांना त्यांचा त्रास विशेष होतो. पण सर्वांत आधी आणि सर्वांत जवळून ही धूळ कोण ओढून घेते? घर झाडणारी गृहिणी. घर स्वच्छ करण्याचे मोल तिने आपल्या श्वासाने का द्यावे?

म्हणून पहिला नियम घाई न करण्याचा. आंधी चालू असता खिडक्या बंद असाव्यात, दाराच्या खालच्या फटीत ओल्या कापडाची वळकटी असावी आणि कूलर बंद असावा. कारण कूलर बाहेरचीच हवा आत ओढतो. आंधी ओसरल्यावरही बाहेरची धूळ खाली बसेपर्यंत थांबावे. आकाश निवळले की समोरासमोरच्या खिडक्या उघडाव्यात, म्हणजे एका बाजूने शिरलेली हवा दुसऱ्या बाजूने बाहेर पडेल. तासभर असे वारे खेळल्याने आतली हवा जितकी सुधारते, तितकी ती उदबत्तीने वा अत्तराने सुधारत नाही. उदबत्तीचा धूर म्हणजे बारीक कणांची नवी भरच होय.

दुसरा नियम ओलाव्याचा. नाका-तोंडावर घट्ट बसणारा मास्क लावून वरून खाली यावे: प्रथम फळ्या व कपाटांचे माथे ओल्या फडक्याने पुसावेत, मग खिडक्यांचे गज, शेवटी फरशी. पंख्याच्या पात्यावर जुना अभ्रा चढवून तो अलगद मागे ओढला, तर धूळ अभ्र्यातच राहते. फरशीवर केरसुणी फिरवण्यापूर्वी जुन्या वर्तमानपत्राचे कपटे पाण्यात भिजवून, पिळून पसरावेत. धूळ त्यांना चिकटते. ज्या गावातील कागद गिरणी एप्रिल १९५६ मध्ये पंडित नेहरूंच्या हस्ते राष्ट्राला अर्पण झाली आणि जेथील कागदावर देशातील वृत्तपत्रे छापली गेली, त्या गावाला ही युक्ती शोभून दिसते. मागाहून पोतेरे फिरवावे आणि त्याचे पाणी वारंवार बदलावे. चादरी घरात झटकू नयेत. त्या गुंडाळून धुण्यास न्याव्यात. कूलरच्या जाळ्या धुवाव्यात आणि टाकीतील पाणी ओतून द्यावे. ते साचून राहिले तर धुळीपाठोपाठ डासही येतात.

ज्यांना परवडेल त्यांनी सूक्ष्म कण गाळणारे हेपा जाळीचे यंत्र वापरावे. ओझोन सोडणारे यंत्र मात्र घेऊ नये, कारण ओझोन श्वासनलिकेला अपायकारक आहे. कुंडीतील चार रोपे मनाला प्रसन्न करतील, परंतु धूळ गाळण्याचे काम त्यांच्यावर सोपवू नये. सर्व करूनही कुणाची धाप थांबत नसेल, छातीत घरघर होत असेल, तर घरगुती उपायांत वेळ न दवडता डॉक्टरांकडे जावे.

आंधी थोपवणे माणसाच्या हाती नाही. आत आलेली धूळ पुन्हा उठू न देणे मात्र प्रत्येक घराच्या हाती आहे. त्यासाठी लागते ते एक ओले फडके, थोडा धीर आणि घरातील सर्वांचा हातभार.