संकरित ज्वारीच्या बीजोत्पादनात परागाचे महत्त्व

आपल्या देशातील ज्वारीचा पहिला संकरित वाण सी.एस.एच.-१ हा १९६४ साली प्रसारित झाला. त्याची मादी सी.के. ६० ए, तर नर आय.एस. ८४. या मादीच्या कणसात परागकोष असतात, पण त्यांत जिवंत पराग तयार होत नाही. हा दोष पेशीद्रव्यातील मायटोकाँड्रियाच्या जनुकांत असतो व तो आईकडूनच पुढे येतो. नराच्या केंद्रकातील जनुक या दोषावर मात करते. ते संकरात कार्य करू लागले की पराग पुन्हा तयार होतो, म्हणूनच आपल्या शेतातील संकरित ज्वारी दाण्याने भरते.

बीजोत्पादनात मादीच्या चार व नराच्या दोन ओळी पेरतात. फुलोऱ्यात रोज सकाळी फेरी मारा. मादीच्या ओळीत पराग सोडणारे झाड दिसले, तर ते भेसळीचे समजून ताबडतोब उपटा. प्लॉट नापास झाला, तर हंगामाची मेहनत वाया जाते.

संकरित ज्वारीचे दाणे मात्र पुढील वर्षी पेरू नका. त्या पिढीत काही झाडांना नराचे हे जनुक मिळत नाही, ती वांझ निघतात आणि उत्पादन घटते.