चट्टा लालच दिसेल असं नाही

आज बोलूया सोरायसिसबद्दल, आणि तो नीट बघायला मदत करणाऱ्या एका छोट्या यंत्राबद्दल. मी त्वचारोगतज्ज्ञ आहे. हे यंत्र, म्हणजे डर्माटोस्कोप, रोज माझ्या खिशात असतं.

मोबाईलवर सोरायसिस शोधून बघा. बहुतेक फोटो गोऱ्या त्वचेचे: लालभडक चट्टा, वर चंदेरी खवले. आपल्या सावळ्या त्वचेवर तोच चट्टा तपकिरी, जांभळट किंवा करडा दिसू शकतो. लाली असते, पण मेलॅनिन तिला झाकतं. मग घरचे म्हणतात, "नायटा असेल." मेडिकलमधून ट्यूब येते. अशा ट्यूबमध्ये बरेचदा जोरदार स्टेरॉइड असतं. खाज थांबते, पण नायटा असेल तर तो आत पसरत राहतो. सोरायसिस असेल तर ट्यूब बंद केल्यावर तो उसळू शकतो.

त्वचा उन्हाला कसा प्रतिसाद देते त्यानुसार तिचे प्रकार पाडणारी फिट्झपॅट्रिक पद्धत १९७५ ची. तीसुद्धा आधी गोऱ्या त्वचेसाठीच होती. तपकिरी आणि काळ्या त्वचेचे प्रकार नंतर जोडले गेले.

डर्माटोस्कोप साधारण दहापट मोठं दाखवतो. त्याचा पोलराइज्ड प्रकाश वरची चमक कापतो. सोरायसिसमध्ये सारख्या अंतरावर पसरलेले लाल ठिपके दिसतात. ती बारीक रक्तवाहिन्यांची टोकं. सावळ्या त्वचेवर हे ठिपके फिके पडतात, म्हणून मी आधी थोडे खवले काढते आणि यंत्र अगदी हलकं टेकवते. दाबलं की रक्त बाजूला सरतं आणि ठिपके गायब! रंगावर विसंबता येत नाही, तेव्हा रचना बघायची. पांढरे खवले चट्टाभर आहेत, की नायट्यासारखे कडेला? पांढऱ्या रेषांची जाळी दिसली, तर लायकेन प्लेनसचा विचार करायचा. तरीही शंका उरली तर खरवडून बुरशीची तपासणी किंवा बायोप्सी.

तुम्ही काय कराल? फोनचा मॅक्रो कॅमेरा म्हणजे डर्माटोस्कोप नव्हे. पण दिवसाच्या उजेडात, फिल्टर न लावता फोटो काढून ठेवा. डोकं, कोपर, गुडघे, नखं बघा. जी ट्यूब लावलीत, ती डॉक्टरांना दाखवा. लपवू नका, आम्ही रागावत नाही!

आणि एक गोष्ट घरी नक्की सांगा: सोरायसिस शिवल्याने पसरत नाही. टॉवेल वेगळा ठेवायची गरज नाही, माणूस तर नाहीच नाही.

भेटू पुढच्या भागात!