बूट नवे, गुडघे तेच
(नभोवाणी भाषण)



जानेवारीच्या तिसऱ्या रविवारी मुंबई मॅरेथॉन होते आणि तिच्या मागोमाग आम्हा फिजिओथेरपिस्टांच्या दारात चपला-बुटांची रांग लागते. धावणारा पेशंट लांबूनच ओळखू येतो. तो जिना एकेक पायरी, कठड्याला धरून उतरतो आणि त्याच्या हातात एक पिशवी असते. खुर्चीत बसण्याआधी पिशवीतले बूट माझ्या टेबलावर येतात. "मॅडम, चांगले तेरा हजारांचे घेतले, तरी गुडघा दुखतोच आहे." त्याच्यानंतर येणाऱ्या बाई म्हणतात, "स्वस्तातले घेतले ना, तिथेच चुकलं बघा." बूट महाग म्हणून तक्रार, स्वस्त म्हणूनही तक्रार. आरोपी मात्र दोघांनी एकच ठरवलेला. त्या आरोपीची बाजू आज थोडी ऐकून घेऊ. त्याच्या विरोधातलीही ऐकू, कारण तो अगदीच निर्दोष आहे असंही नाही.

आधी दुखतं कुठे ते पाहू. "नेमकं कुठे?" असं विचारलं की बहुतेक जण एक बोट ठेवत नाहीत, अख्खा तळवा गुडघ्याच्या वाटीभोवती फिरवतात. जिना उतरताना दुखतं, नाटकाचा पहिला अंक संपून उठताना दुखतं, उकिडवं बसलं की दुखतं. हौशी धावपटूंमध्ये सगळ्यात जास्त आढळणारं गुडघ्याचं दुखणं हेच. मांडीच्या हाडाला पुढून एक खाच असते, तिच्यात ही वाटी वर-खाली सरकते. धावताना पाय जमिनीवर पडला की गुडघा वाकतो, तो जास्त वाकू नये म्हणून मांडीचा पुढचा स्नायू ताणून धरतो आणि वाटी त्या खाचेवर दाबली जाते. हा दाब शरीराच्या वजनाच्या चार-पाच पट सहज असतो, कधी त्याहूनही जास्त. मिनिटाला 160 पावलं धरली, तर तासाभरात 9600 पावलं होतात. म्हणजे एकेका गुडघ्यावर 4800 वेळा हा दाब येतो.

हे ऐकलं की लोक घाबरतात. "मग गुडघ्यातलं वंगण संपणारच की!" असं म्हणून सासूबाईंच्या गुडघ्याच्या ऑपरेशनची गोष्ट निघते. म्हणून एक आकडा सांगून ठेवते. 2017 मध्ये बऱ्याच अभ्यासांचा एकत्रित आढावा प्रसिद्ध झाला. त्यात हौशी धावपटूंपैकी 3.5 टक्के लोकांना गुडघ्याचा किंवा खुब्याचा संधिवात होता. न धावणाऱ्या बैठ्या लोकांमध्ये हे प्रमाण 10.2 टक्के होतं. स्पर्धेसाठी जिवापाड धावणाऱ्यांमध्ये मात्र ते 13.3 टक्के निघालं. आठवड्याला तीन-चार दिवस हौसेने धावणाऱ्याने वंगणाची काळजी सोडून द्यावी, हे माझं स्पष्ट मत आहे. हाडांच्या टोकांवरची कूर्चा ही जिवंत गोष्ट आहे, बेताबेताने ओझं दिलं तर ती त्याला सरावते.

आता बुटांकडे येते. जाड टाचेचे, फोम भरलेले धावायचे बूट ही तशी अलीकडची वस्तू आहे. साठच्या दशकापर्यंत शर्यतीचे बूट पातळ तळाचे असत. सत्तरच्या दशकात अमेरिकेत जॉगिंगची लाट आली, ऑफिसात बसणारी माणसं रस्त्यावर धावू लागली, आणि त्यांच्यासाठी टाचेखाली फोमचा जाड थर आला. टाच मऊ झाल्यावर लोक पाय पुढे टाकून बिनधास्त टाचेवर उतरू लागले. पाय शरीराच्या जितका पुढे पडतो, तितकं गुडघ्याला जास्त सोसावं लागतं.

2009 च्या अखेरीस एक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात अमेरिकेतल्या केसी केरिगन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 68 निरोगी धावपटूंना अनवाणी आणि नेहमीच्या पद्धतीचे बूट घालून ट्रेडमिलवर धावायला लावलं. बूट घातल्यावर गुडघा वाकवणारा जोर 36 टक्क्यांनी आणि त्याला बाहेरच्या बाजूला झुकवणारा जोर 38 टक्क्यांनी वाढलेला दिसला. त्याच वर्षी ख्रिस्तोफर मॅक्डूगल यांचं 'बॉर्न टू रन' हे पुस्तक आलं. जानेवारी 2010 मध्ये हार्वर्डच्या डॅनियल लिबरमन यांचा अनवाणी धावणाऱ्यांवरचा अभ्यास 'नेचर' साप्ताहिकात आला. झालं! बूट हाच गुडघ्याचा शत्रू, असा ठराव जगभर पास झाला. पाच बोटांचे, हातमोज्यासारखे दिसणारे पातळ बूट दुकानात आले आणि माझ्याकडच्या पिशव्यांतूनही बाहेर पडू लागले.

पण एक गोष्ट कोणी फारशी विचारली नाही. गुडघ्यावरचा भार कमी झाला, तो गेला कुठे? जमिनीवर आदळायचं ते वजन तर तितकंच आहे. घरखर्चात किराणा कमी केला आणि हॉटेलचं बिल वाढलं, तसा प्रकार. चवड्यावर उतरलं की गुडघा सुटतो, पण पोटरी, टाचेमागची शीर आणि पावलातली बारीक हाडं कामाला लागतात. 2013 मध्ये अमेरिकेत काही धावपटूंना दहा आठवड्यांत हळूहळू अशा पातळ बुटांची सवय करायला सांगितलं आणि आधी-नंतर एमआरआय काढला. पातळ बूट घातलेल्या 19 जणांपैकी 10 जणांच्या पावलातल्या हाडांमध्ये सूज वाढलेली दिसली. सवय हळूहळू करूनसुद्धा हे घडलं. पुढे अशा बुटांच्या आरोग्यविषयक दाव्यांवरून कोर्टात खटला झाला आणि 2014 मध्ये ते बनवणाऱ्या व्हायब्रम कंपनीने चूक कबूल न करता साडेसदतीस लाख डॉलरची तडजोड केली.

हे सांगितलं की हमखास कोणीतरी मला बारामतीच्या लता करे यांचं नाव ऐकवतं. नऊवारी नेसून, अनवाणी धावून त्यांनी शर्यत जिंकली, मग आम्ही का नाही? कौतुक आहेच. पण ज्या पायांनी शेतात, मातीत जन्म काढला ते पाय वेगळे, आणि चाळीस वर्षं मोजे-बुटात बसून काढलेले आपले पाय वेगळे. आणि अनवाणी धावणाऱ्यांचा दाखलाच द्यायचा, तर इथिओपियाच्या अबेबे बिकिला यांचा पूर्ण द्यावा. 1960 च्या रोम ऑलिंपिकमध्ये ते अनवाणी मॅरेथॉन जिंकले आणि 1964 मध्ये टोकियोत बूट घालून जिंकले.

लंबक मग दुसऱ्या टोकाला गेला. आता पहाटे कुठल्याही जॉगिंग ट्रॅकवर पाहा, उशीसारखे जाड तळ दिसतात. मऊ तळ म्हणजे गुडघ्याला आराम, हे पटायला सोपं आहे. 2018 मध्ये फिनलंडमधल्या संशोधकांनी असा एक जाड बूट आणि एक साधा बूट तुलनेला घेतला. ताशी साडेचौदा किलोमीटरच्या वेगाने धावताना जाड बुटात जमिनीचा आघात वाढलेला निघाला. पायाखाली मऊ लागलं की माणूस पाय जास्त ताठ ठेवून उतरतो, असं त्यांचं स्पष्टीकरण. मग मऊ बूट टाकून द्यायचे का? तसंही नाही. लक्झेंबर्गमध्ये 848 हौशी धावपटूंना दिसायला एकसारखेच, पण मऊ किंवा कडक तळाचे बूट चिठ्ठ्या टाकून वाटले. त्याचा निष्कर्ष 2020 मध्ये आला. कडक बुटात दुखापतीचा धोका दीडपट निघाला. गंमत पुढे आहे. मऊ बुटाचा फायदा हलक्या वजनाच्या लोकांना झाला, जड लोकांमध्ये तसा फरक दिसला नाही. "वजन जास्त आहे म्हणून जाड तळाचे घ्या" हा दुकानातला सल्ला या अभ्यासाच्या नेमका उलट आहे. 2022 मध्ये कॉक्रेन संस्थेने 12 चाचण्या आणि 11,240 धावपटू एकत्र तपासले. अमुक प्रकारचा बूट दुखापत टाळतो, असं खात्रीने म्हणायला पुरेसा पुरावा त्यांना मिळाला नाही.

सपाट तळव्यांचंही तेच. दुकानात ओल्या पावलाचा ठसा घेतात, ट्रेडमिलवर दोन मिनिटं पळवतात आणि "तुमचा पाय आत वळतो, तुम्हाला आधाराचा बूट लागेल" म्हणून सांगतात. अमेरिकेच्या लष्कर, हवाई दल आणि मरीन कोअरमध्ये हजारो नव्या भरतीच्या जवानांवर हे तपासून झालं आहे. अर्ध्यांना तळव्याच्या कमानीप्रमाणे बूट दिले, उरलेल्यांना सरसकट एकाच प्रकारचे. दुखापतींमध्ये दखल घेण्याजोगा फरक पडला नाही. मग निवडायचं कशावरून? कॅनडातल्या कॅल्गरी विद्यापीठाचे बेनो निग आयुष्यभर बुटांवर काम करून जिथे पोचले ते उत्तर साधं आहे: पायाला जो सुखाचा वाटेल तो. मीही तेच सांगते. संध्याकाळी, पाय थोडे सुजलेले असताना जा, धावायचे मोजे घालून जा, अंगठ्यापुढे बोटभर जागा ठेवा आणि दुकानाबाहेरच्या फूटपाथवर चार पावलं धावून पाहा. जो बूट घालून बुटाचा विसर पडेल, तो घ्या. कार्बनची पट्टी घातलेले वीस-पंचवीस हजारांचे बूट वेगासाठी असतात, गुडघ्यासाठी नव्हे.

टेबलावर ठेवलेल्या त्या जुन्या बुटांचं मी काय करते, तेही सांगते. दोन्ही बूट सपाट जागी ठेवून डोळ्यांच्या पातळीवरून मागून पाहते. टाचेचा कप एका बाजूला कलला असेल तर तो बूट संपला. मग बाजूने फोमच्या थराकडे पाहते. नव्या बुटात तो गुळगुळीत असतो. वापरून बसलेल्या फोमला आडव्या बारीक सुरकुत्या पडतात आणि अंगठा दाबला तर तो आत जातच नाही. टाचेचा बाहेरचा कोपरा घासलेला पाहून पेशंटचा चेहरा पडतो, पण तो बहुतेक सगळ्यांचाच घासतो, त्यात काळजीचं काही नाही. "किती किलोमीटर झाले?" असं विचारलं की उत्तर येतं, "दोन वर्षं झाली असतील." बुटाचं वय वर्षांत मोजून उपयोग नाही. साधारण 500 ते 800 किलोमीटरला फोम थकतो, असं धरून चालावं. आळीपाळीने दोन जोड वापरले तर उत्तम. लक्झेंबर्गच्याच एका पाहणीत 264 धावपटूंवर 22 आठवडे लक्ष ठेवलं, तेव्हा एकाहून अधिक जोड वापरणाऱ्यांमध्ये दुखापतीचा धोका 39 टक्क्यांनी कमी आढळला. आपल्याकडे पावसाळ्यात तर दुसरा जोड लागतोच. पहिल्यात वर्तमानपत्राचे बोळे कोंबून तो पंख्याखाली वाळत असतो.

एवढं झाल्यावर मी बूट बाजूला सारते आणि पेशंटच्या मोबाइलमधलं धावण्याचं ॲप उघडायला सांगते. खरा गुन्हेगार बहुतेक वेळा तिथे सापडतो. आठवड्याला 15 किलोमीटर धावणारा माणूस शर्यत जवळ आली म्हणून तीन आठवड्यांत 35 वर गेलेला असतो. साताऱ्याच्या हिल हाफ मॅरेथॉनची तयारी करणारे यवतेश्वरचा घाट चढतात आणि चढाने दम लागला, छाती भरून आली असं सांगतात. गुडघा मात्र उतारावर दुखावतो, कारण उतरताना मांडीच्या स्नायूला ब्रेक लावत यावं लागतं आणि वाटीवरचा दाब वाढतो. चढाला सगळे नावं ठेवतात, उताराची कोणी आठवणही काढत नाही. कधी सगळंच एकदम झालेलं असतं: नवे बूट, नवा घाट आणि दुप्पट अंतर. मग बोट बुटाकडे दाखवणं सगळ्यात सोपं, कारण बूट बदलता येतो.

कॅनडामध्ये गुडघ्याच्या वाटीचं हे दुखणं असलेल्या 69 धावपटूंचे तीन गट केले होते. एका गटाला फक्त अंतर आणि वेग कसा आवरायचा हे शिकवलं. दुसऱ्याला त्यासोबत व्यायाम दिले, तिसऱ्याला धावण्याची पद्धत बदलायला शिकवलं. 2018 च्या निष्कर्षात तिन्ही गट सारखेच सुधारले होते. म्हणजे पहिली आणि फुकटची गोष्ट काम करते. दुखणं दहापैकी दोनच्या वर जाणार नाही आणि दुसऱ्या दिवशी सकाळी वाढलेलं नसेल, इतकंच धावा. उतार काही आठवडे टाळा. पावलं थोडी आखूड आणि जलद टाका. 2011 च्या एका अभ्यासात मिनिटाला पडणारी पावलं पाच ते दहा टक्क्यांनी वाढवल्यावर गुडघ्याला सोसावा लागणारा भार कमी झालेला दिसला. 160 पावलं पडत असतील तर 170 करून पाहा. सुरुवातीला चिमणीच्या पावलांनी चाललोय असं वाटून हसू येईल, येऊ द्या. आणि बूट बदलायचाच असेल, तर अंतर वाढवण्याच्या आठवड्यात बदलू नका. नव्या जोडाने आधी छोटी धाव, मग मधली, तोवर जुना जोड घरात असू द्या.

आणि शेवटी एक विनंती. गुडघा सुजला असेल, वाकताना मध्येच अडकत असेल, चालता चालता दगा देत असेल किंवा रात्री झोपेतून उठवत असेल, तर बुटाच्या दुकानात जाऊ नका, हाडांच्या डॉक्टरांना दाखवा.