साखर आपोआप का उतरते?

मधुमेहाचे काही जुने रुग्ण मोठ्या समाधानाने सांगतात, "डॉक्टर, पूर्वी चाळीस युनिट इन्सुलिन लागायचं, आता वीसही पुरतं. पथ्याचा गुण आला!" अशा वेळी मी आधी रक्तातले क्रिएटिनिन तपासायला सांगतो. कारण पुष्कळदा ही मधुमेह बरा होत असल्याची नव्हे, तर मूत्रपिंडे थकल्याची खूण असते.

मूत्रपिंड म्हणजे लघवी तयार करणारी गाळणी, एवढेच आपल्याला ठाऊक असते. पण साखरेच्या कारभारातही त्यांचा मोठा वाटा आहे. निरोगी मूत्रपिंडांतून दिवसाला सुमारे १८० ग्रॅम ग्लुकोज गाळले जाते आणि जवळजवळ सगळे रक्तात परत घेतले जाते. उपाशीपोटी यकृताच्या जोडीने मूत्रपिंडेही नवे ग्लुकोज तयार करतात. शिवाय इन्सुलिनचे विघटनही ती करतात. टोचून घेतलेले इन्सुलिन थेट यकृतात जात नाही, म्हणून त्याचा निचरा करण्याचा भार मूत्रपिंडांवर अधिक पडतो.

मूत्रपिंडे निकामी होऊ लागली की दोन उलट गोष्टी घडतात. साचलेली टाकाऊ द्रव्ये आणि रक्तातील आम्लता यांमुळे स्नायू इन्सुलिनला दाद देईनासे होतात. त्यामुळे मधुमेह नसलेल्यांचीही जेवणानंतरची साखर वाढू शकते. आजार बळावला की पारडे फिरते. इन्सुलिन रक्तात रेंगाळते, नवे ग्लुकोज पुरेसे तयार होत नाही, भूक मंदावल्याने जेवणही कमी होते. डोस मात्र जुनाच! मग पहाटे साखर एकाएकी घसरते. दरदरून घाम, थरथर, असंबद्ध बोलणे आणि शेवटी बेशुद्धी. ग्लिबेनक्लामाइडसारख्या गोळ्यांचा परिणाम अशा शरीरात लांबतो. म्हणून रुग्ण सावध झाला, तरी त्याला रुग्णालयात न्यावेच.

तीन महिन्यांची सरासरी दाखवणाऱ्या 'एचबीएवनसी' चाचणीवरही इथे पूर्ण भिस्त ठेवता येत नाही. या आजारात तांबड्या पेशींचे आयुष्य घटते, त्यामुळे आकडा प्रत्यक्षापेक्षा कमी येऊ शकतो. ग्लुकोमीटरवर घरी वेळोवेळी साखर पाहणे अधिक उपयोगी.

साखर ७० च्या खाली गेली आणि रुग्ण शुद्धीवर असेल, तर चहाचे तीन चमचे साखर पाण्यात विरघळवून द्यावी. शहाळे किंवा मोसंबीचा रस नको. त्यातले पोटॅशियम या रुग्णांना बाधू शकते. रुग्ण बेशुद्ध असेल तर तोंडात काहीही घालू नये, तातडीने दवाखाना गाठावा. इन्सुलिन मात्र परस्पर बंद करू नये. डोस डॉक्टरांकडून ठरवून घ्यावा.

मधुमेह असलेल्या प्रत्येकाने वर्षातून एकदा तरी रक्तातील क्रिएटिनिन आणि लघवीतील अल्ब्युमिन तपासून घ्यावे. मूत्रपिंडे दुखून तक्रार करत नाहीत. बिघाड बराच पुढे जाईपर्यंत ती गप्पच असतात.