गुलाबी मेणबत्ती लावायची की नाही?

इअरफोन नीट लावा, आज विषय छोटा आहे पण माझ्या घरातला आहे. ॲडव्हेंट रीथ. आगमनकाळात चर्चमध्ये वेदीजवळ हिरव्या पानांचं गोल कडं आणि त्यात मेणबत्त्या दिसतात ना, तेच.

आधी एक गोष्ट स्पष्ट करतो. हे बायबलमध्ये कुठेही सांगितलेलं नाही. १८३९ साली जर्मनीत हॅम्बुर्गला योहान विखर्न नावाचे पाळक गरीब मुलांसाठी एक घर चालवत होते. मुलं रोज विचारायची, "नाताळला किती दिवस राहिले?" त्यांनी गाडीचं जुनं चाक घेतलं, त्यावर रविवारच्या चार मोठ्या पांढऱ्या आणि इतर दिवसांच्या वीस लहान लाल मेणबत्त्या लावल्या. रोज एक पेटवायची. झालं कॅलेंडर! आपल्या नगरमध्ये अमेरिकन मराठी मिशनचं काम सुरू झालं १८३१ साली. म्हणजे इथलं मिशन या चाकापेक्षा आठ वर्षांनी मोठं आहे!

पुढे चारच मेणबत्त्या राहिल्या. नाताळाआधीचे चार रविवार: आशा, शांती, आनंद, प्रीती. काही मंडळ्यांत क्रम थोडा बदलतो. तीन जांभळ्या, कारण हा काळ पश्चात्तापाचा आणि तयारीचा. तिसरी गुलाबी, आनंदाची. पहिल्या रविवारी एक, दुसऱ्या रविवारी दोन, असा उजेड वाढत जातो. मधली पांढरी ख्रिस्ताची, ती नाताळलाच. गोल कड्याला सुरुवात नाही, शेवट नाही, तशी देवाची प्रीती. आणि हिरवी पानं म्हणजे जीवन.

आमचं गाव नेवासा तालुक्यात. तिथे कुठली आलीये पाइनची फांदी? आजी पितळी परातीत वाळू भरायची, मेणबत्त्या रोवायची, भोवती मोरपंखी. रंगीत मेणबत्त्या मिळायच्या नाहीत, म्हणून नगरच्या कापडबाजारातून रिबिनी आणून पांढऱ्या मेणबत्त्यांच्या तळाशी बांधायची. तीन जांभळ्या, एक गुलाबी.

एका वर्षी दोन रविवार झाले, आणि गुरुवारी आजी गेली.

तिसऱ्या रविवारी संध्याकाळी परात तशीच कोपऱ्यात होती. आई म्हणाली, "या वर्षी राहू द्या. घरात दुःख आहे, आनंदाची मेणबत्ती कशी लावायची?" मलाही तेच वाटत होतं. आजोबा काहीच बोलले नाहीत. थोड्या वेळाने म्हणाले, "काडेपेटी आण रे."

हात थरथरत होता. पहिल्या दोन लावल्या. गुलाबीपाशी थांबले. आजीनेच बांधलेली गाठ होती ती. मग म्हणाले, "आपल्याला बरं वाटतंय म्हणून नाही लावायची. तो जवळ आलाय म्हणून लावायची." आणि लावली. आई रडली, मीही रडलो. मग आजोबांनी प्रार्थना केली, अगदी छोटी.

तोपर्यंत मी ही मेणबत्ती स्टेटसला ठेवायचो, बस. त्या दिवशी तिचा उपयोग कळला. तुमच्यापैकी कुणी भरतीच्या निकालाची वाट बघत असेल, कुणी दवाखान्यातल्या माणसाची. वाट बघणं संपत नाही तोवर एक-एक उजेड वाढवायचा, एवढंच हे कडं शिकवतं.

या आगमनकाळात घरी करून बघा. परात, वाळू, चार मेणबत्त्या, एक वचन, एक प्रार्थना. फक्त मोरपंखी दर आठवड्याला बदला, वाळली की चटकन पेट घेते.

भेटू पुढच्या रविवारी. सलाम!