प्रेक्षकांचा गलका आणि खेळाची शिस्त

हॉकी हें नांव कानीं पडलें कीं आपल्याकडील श्रोत्यांच्या डोळ्यांपुढें हिरवें मैदान उभें राहतें. अमेरिकेच्या उत्तरेकडील कॉलेजांत मात्र हॉकी म्हणजे बर्फावरील हॉकी. तेथील क्रीडांगण सुमारें २०० फूट लांब व ८५ फूट रुंद असून तें छपराखालीं असतें. चेंडूच्या ऐवजीं ३ इंच व्यासाची व १ इंच जाडीची कठीण रबराची चकती असते, आणि पोलादी पात्यांचे बूट घातलेले खेळाडू तिच्यामागें विलक्षण वेगानें धांवतात. वीस वीस मिनिटांचे तीन डाव व मध्यें दोन विश्रांती, अशी या खेळाची मांडणी आहे. अखिल अमेरिकन कॉलेजांच्या अजिंक्यपदाचे सामने १९४८ सालीं कोलोरॅडो स्प्रिंग्ज येथें सुरू झाले, व त्या वर्षींच्या अंतिम सामन्यांत मिशिगननें डार्टमथचा ८-४ असा पराभव केला.

या खेळास खेळाडूंचा जसा इतिहास आहे तसाच प्रेक्षकांचाही आहे. इथाका येथील कॉर्नेल विद्यापीठाचें लायना क्रीडागृह १९५७ सालीं उघडलें. तेथें पाहुण्या संघाची नांवें पुकारलीं जात असतां विद्यार्थी वर्तमानपत्रें तोंडापुढें धरून बसतात, जणूं त्या नांवांशीं त्यांना कांहीं कर्तव्यच नाहीं! हार्वर्डचा संघ आला म्हणजे बर्फावर मासे फेकण्याची खोडीही तेथें प्रसिद्ध आहे. क्लार्कसन, मिशिगन टेक यांसारख्या कॉलेजांचे वाद्यवृंद तर हॉकीच्या सामन्यांचे जुने सोबती आहेत. ज्या गांवीं हिंवाळा दीर्घ आणि करमणुकीचीं साधनें थोडीं, तेथें शुक्रवार-शनिवारचा सामना हाच गांवचा मेळा. तेथें बँड वाजलाच नाहीं, तर सामना झाल्यासारखें लोकांस वाटणार नाहीं.

अशा उत्साहावर नियमांचा अंकुश कां असावा? कॉलेजांच्या राष्ट्रीय क्रीडासंघटनेच्या नियमांचा आशय थोडक्यांत असा आहे: हवेच्या दाबावर वाजणारे भोंगे, आवाज वाढविणारीं विद्युत्‌यंत्रें व तत्सम कृत्रिम साधनें प्रेक्षकांनीं वापरूं नयेत, आणि खेळ चालू असतां बँडनें वाजवूं नये. शिटी होऊन खेळ थांबला कीं बँडला मोकळीक, आणि चकती पुन्हा खेळांत पडली कीं त्यानें मौन धरावें. टाळ्या, घोषणा, गाणीं यांस ही बंदी लागू नाहीं. म्हणजे कंठास मुभा आहे, यंत्रास नाहीं; व वाद्यास केवळ वेळेचें बंधन आहे.

या भेदाचें मूळ खेळाच्या रचनेंतच सांपडतें. गोलरक्षकानें चकती अंगाखालीं दाबली कीं पंच शिटी फुंकतो, आणि त्या क्षणीं सर्वांनीं थांबावयाचें असतें. ज्यानें शिटी ऐकली तो अंग सैल सोडतो. ज्यानें ती ऐकली नाहीं तो पूर्ण वेगानें त्याच्यावर आदळूं शकतो. शिवाय डाव संपल्याची सूचना भोंग्यानें दिली जाते. प्रेक्षकांतून तसाच भोंगा वाजला तर खरी सूचना कोणती व खोटी कोणती, हें ठरवावयास खेळाडूस सवड कोठून मिळणार?

दुसरी गोष्ट खेळाडूंच्या परस्पर बोलण्याची. मागून प्रतिस्पर्धी येत आहे, ही सूचना गोलरक्षक ओरडून देतो. या खेळांत गडी बदलतात तेही बहुधा खेळ न थांबवतां. बर्फावर एका पक्षाचे सहाच गडी असावे लागतात. बदलाची हांक ऐकूं न येऊन सातवा गडी खेळांत शिरला, तर त्या पक्षास दोन मिनिटें एक गडी कमी घेऊन खेळावें लागतें. एकाद्या प्रेक्षकाच्या भोंग्यापायीं अशी शिक्षा दुसऱ्यानें भोगावी हें न्यायाचें नव्हे.

तिसरें कारण कानांचें. बर्फ, कांच व सिमेंट हीं तिन्ही आवाज परतविणारीं, त्यांवर छप्पर. अमेरिकेंतील व्यावसायिक आरोग्यसंस्थेच्या शिफारशीप्रमाणें ८५ डेसिबलांचा आवाज दिवसांत आठ तास सोसतां येतो. पुढें दर ३ डेसिबलांस ही मर्यादा निम्मी होत जाते. या हिशेबानें १०० डेसिबलांस पंधराच मिनिटें उरतात. २००६ सालीं कॅनडांतील एडमंटन येथें धंदेवाईक हॉकीच्या अंतिम सामन्यांत मोजणी झाली, तेव्हां सरासरी पातळी १०० डेसिबलांच्याही वर आढळली. प्रेक्षक घरीं जातो. पण तेथील नोकर, पंच व वादक यांस हा मारा सामन्यामागून सामना सोसावा लागतो.

तथापि नियम करणें सोपें, तो रूढीच्या गळीं उतरविणें कठीण. मिसिसिपी स्टेट विद्यापीठाच्या फुटबॉलप्रेमींच्या हातीं गाईच्या गळ्यांतील घंटा असते. त्यांच्या विभागीय संघानें १९७४ सालीं कृत्रिम आवाजाच्या साधनांवर बंदी घातली, तरी घंटा गेल्या नाहींत. अखेर २०१० सालीं तडजोड झाली: घंटा आणाव्या, पण चेंडू खेळांत येण्याच्या वेळीं वाजवूं नयेत. त्याच वर्षीं दक्षिण आफ्रिकेंतील विश्वचषकांत वुवुझेला नांवाच्या पिपाण्यांनीं जगाचे कान किटविले. तेथें त्यांस मोकळीक राहिली, पण विंबल्डनच्या चालकांनीं आपलें दार त्यांस बंद केलें. एकच वस्तु एका अंगणांत परंपरा, दुसऱ्या अंगणांत उपद्रव!

बँडची बाजूही न्यायाची आहे. शिटी व पुढचा खेळ यांच्यामध्यें कांहीं सेकंदच असतात. तेवढ्यांत तान उचलावयाची, आणि पंचाचा हात चकती टाकण्यास सरसावतांच ती तोडावयाची, हें कौशल्य सरावाचें आहे. ज्या क्रीडागृहांत तो मोकळा अवधि ध्वनिक्षेपकावरील तयार संगीतास व जाहिरातींस दिला जातो, तेथें नियम पाळणारा विद्यार्थी मुका होतो आणि यंत्र बोलतें. आवाजाचा नियम चालकांनीं प्रथम स्वतःच्या यंत्रास लावला, तरच विद्यार्थ्यांनीं तो मानावा अशी अपेक्षा शोभते.

संगीत जाणणाऱ्यास थांबण्याचें मोल निराळें शिकवावें लागत नाहीं. विरामावांचून ताल नाहीं, हें त्यास ठाऊकच असतें. शिटी ऐकूं यावी एवढी शांतता, आणि शिटीनंतर मन मोकळें करावें एवढी मुभा, या दोहोंची ज्या क्रीडागृहांत सांगड पडते, तेथें पाहुणा संघ हरूनही तक्रार न करतां घरीं जातो.