वेचणीचे अवजार
(वार्षिक स्नेहसंमेलनातील भाषण)



आम्ही केवळ मॅट्रिक, जन्मभर खडू-फळा सांभाळलेले. यंत्रशास्त्रावर बोलण्याचा अधिकार आम्हांस नाही. परंतु दिवाळीची सुटी संपून शाळा उघडली, की काही मुली आठवडेच्या आठवडे वर्गात दिसत नसत. त्या कापूस वेचावयास गेलेल्या असत. तेव्हापासून हा विषय आमच्या मनातून गेलेला नाही.

ओलसर चातीला कापूस चिकटतो, हे हेरून अमेरिकेत जॉन रस्ट याने वेचणीचे यंत्र रचले व १९३६ साली मिसिसिपीत ते चालवून दाखविले. ही युक्ती त्याला आजीच्या चरख्यावरून सुचली म्हणे! पण अशा यंत्रांस विस्तीर्ण शेत हवे, सारख्या उंचीची झाडे हवीत, बोंडे एकदम फुटलेली व पाने औषधाने झडलेली हवीत. आपल्या अकोला-अमरावतीकडील चार-पाच एकरांच्या कोरडवाहू तुकड्यात, तुरीच्या ओळींमध्ये, पऱ्हाटी तीन-तीन वेचे देते. सीतादही करून पहिला वेचा सुरू होतो, तेव्हा कितीतरी बोंडे हिरवीच असतात.

पुढे बॅटरीवर चालणारी, हाती धरावयाची लहान यंत्रे बाजारात आली. ती टाकाऊ नव्हेत. पण चांगली वेचणारीण दोन्ही हातांनी वेचते, आणि यंत्राने तिचा एक हात अडतो. शिवाय कापसाबरोबर वाळका पाला ओढला गेला, की व्यापारी भाव पाडतो. मजुरी तर किलोवर. यंत्र घेणार मालक, अन् वजन घटले तर भोगणार ती बाई!

म्हणून अवजार रचावयाचे तर तिच्या बोटांपासून रचावे, असे आमचे मत आहे. सुकलेल्या बोंडाची टोके नखांच्या कडेला टोचून रक्त काढतात; तेवढी कड झाकणारी, पण बोटाचे अग्र मोकळे ठेवणारी सुती टोपणे करावीत. कमरेच्या ओटीऐवजी दोन्ही खांद्यांवर भार घेणारी, खालून उघडणारी झोळी असावी. तीही सुतीच, प्लॅस्टिकच्या पोत्याचा धागा रुईत मिसळला, तर पुढे कापडाच्या त्या जागी रंग धरत नाही. गावचा शिंपीही हे शिवील.

अकोल्यास १९६९ पासून कृषी विद्यापीठ आहे, तेथे कृषी अभियांत्रिकीही शिकवितात. आपल्या तरुण अभियंत्यांनी नमुना तेथे अवश्य न्यावा. परंतु त्याआधी तो वेचणारणीच्या हाती द्यावा व सायंकाळी काट्यावर वजन पाहावे. वजन कमी भरले तरी त्या दिवसाची तिची मजुरी मंडळाने पूर्ण द्यावी, अशी आमची सूचना आहे.